दक्षिणमुखी आरसा

ज्याला जेऊरजवळच्या गावी जायचं आहे त्यानं जेऊरला उतरावं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी उतरले नाही. पुण्याहून निघालेली गाडी जेऊरला थांबली, फलाटावरच्या पाटीखाली एक कुत्रं झोपलेलं दिसलं, एका म्हाताऱ्यानं खिडकीतून मला पेरू विकला, आणि गाडी पुढे सोलापूरकडे निघाली. माझ्या हुकमात लिहिलं होतं की बॅटरी जिल्ह्याच्या ठिकाणी ताब्यात घ्यावी व 'तेथून पुढे' कामाच्या जागी जावे. जेऊर सोलापूरच्या अलीकडे आहे, त्यामुळे पुढे जाण्यासाठी मला मागे यावं लागणार होतं. निघण्यापूर्वी हे मी साहेबांना नकाशावर बोट ठेवून दाखवलं होतं. ते म्हणाले, "खरं आहे. पण हुकूम टाइप झालाय."

ही अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. संक्रांत नुकतीच झाली होती. मी तेव्हा पुण्यात एका तंत्रविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होते. उन्हापासून वीज करणाऱ्या काचेच्या काळ्या पाट्या आमच्याकडे नव्यानं आल्या होत्या. त्यांतल्या दोन पाट्या करमाळा तालुक्यातल्या एका गावाच्या आरोग्यकेंद्रावर बसवायच्या, बॅटरीला जोडायच्या आणि एक दिवा लावून परत यायचं, एवढंच काम होतं. धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं म्हणून हे गाव माळावर नव्यानं वसवलेलं. धरणावर पुढे वीज होणार होती म्हणे. गाव आधी उठलं आणि वीज यायची राहिली.

पाट्यांची लाकडी पेटी मी दोन गोधड्यांत गुंडाळून मांडीशी धरून बसले होते. तेवढ्यावरून डब्यात सगळ्यांची खात्री झाली की आत फोटो आहे.

"कोण होतं तुमचं?" समोरच्या बाईंनी हळूच विचारलं.

"कुणाचा फोटो नाही हो. यंत्राची काच आहे."

"असू दे. नाही बोलवत अशा वेळी." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. कुर्डुवाडीपर्यंत मी तीनदा खुलासा केला. त्यानंतर एका गृहस्थांनी "वय काय होतं?" असं विचारलं, तेव्हा मी थकून "फार नव्हतं" म्हणाले. सोलापूरला दोन अनोळखी माणसांनी पेटी खांद्यावर घेऊन बाहेर टांग्यापर्यंत पोचवली. एकानं टोपीही काढली होती.

सोलापूर : भवानी पेठ

बॅटरी सलीमभाईंकडे होती. भवानी पेठेत एका बोळाच्या तोंडाशी त्यांचं दुकान. पलीकडे मागांची खटखट चालू, अलीकडे ट्रकच्या बॅटऱ्या ओळीनं मांडलेल्या, आणि मधे सलीमभाई. त्यांच्या बनियनला आम्लाच्या थेंबांनी भोकं पडलेली होती आणि डावी भुवई अजिबात नव्हती. चार्ज होणाऱ्या बॅटरीवर वाकून एकदा त्यांनी बिडी शिलगावली होती. "भुवई गई, बाईसाब," ते अभिमानानं म्हणाले, "और बिडी बी नहीं पेटी."

मी पेटी उघडली. त्यांनी पाटी उलटीपालटी करून पाहिली, कानाशी धरली, हलवली.

"इसमें मशीन किधर है?"

"मशीन नाही."

"पट्टा, पंखा? कुछ तो फिरता होएंगा."

"काहीच फिरत नाही."

"आवाज?"

"तोही नाही."

सलीमभाईंना हे पटलं नाही. "बाईसाब, जी चीज आवाजच करत न्हाई, ती काम करती का झोपलीय, हे मालकाला कळणार कसं?"

मी पाट्या बोळात उन्हात ठेवल्या आणि वीज मोजायचा काटा जोडला. काटा उठला. सलीमभाईंनी पाटीवर हात धरला, काटा पडला. हात काढला, उठला. मग त्यांनी शेजारच्या दुकानदाराला बोलावून त्याचा हात धरून पाहिला. काटा तेव्हाही पडला. "कुणाचा बी चलता!" असं म्हणून त्यांनी रस्त्यानं जाणाऱ्या एका पोस्टमनचा हात मागितला. बोळात गर्दी झाली. गर्दीची सावली पडून काटा पडूनच राहिला, तेव्हा सगळे पांगले.

आम्ही आत चहा घेऊन बाहेर आलो तर काटा पुन्हा शून्यावर. "मर गया!" सलीमभाई ओरडले. पाट्या कुठे दिसेनात. त्यांच्या जागी लालभडक ओल्या सुताच्या लडी पसरल्या होत्या. शेजारच्या विणकरांच्या घरातल्या पद्मक्का उंबऱ्यातून म्हणाल्या, "एमैंदम्मा? काय झालं? काळ्यावर सूत लवकर वाळतं हो." हे शास्त्राला धरूनच होतं. मी त्यांना समजावलं की पाटीच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी सगळी पाटी रुसते. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग एक ठेवून जाता का? दोन हायत की."

जेवायला सलीमभाईंच्याच घरी होते. मी मूळची रत्नागिरीकडची. आमच्याकडे जेवण म्हणजे भात, आणि भात म्हणजे मऊ. भाभींनी ताटात कडक भाकरी वाढली. कागदासारखी पातळ, पंधरा दिवस टिकते म्हणाल्या. ती मोडताना जो आवाज झाला त्यानं सलीमभाईंच्या मांडीवरचं मांजर उठून गेलं. शेंगदाण्याची चटणी मात्र मी लाज सोडून तीनदा मागून घेतली. आमच्याकडे चटणीत नारळ नसेल तर आजारी माणसाचं जेवण म्हणतात. सोलापूरची चटणी खाऊन आजारी पडायला माझी हरकत नव्हती.

हात धुताना सलीमभाईंनी जाहीर केलं की ते माझ्याबरोबर येणार. "बॅटरी मेरे हात की है. उसको अनाथ जैसा नक्को भेजना." भाभी मला आतल्या खोलीत म्हणाल्या, "बॅटरीचं काही नाही. ऊन बॅटरीत कसं शिरतं ते बघितल्याबगैर त्यांना झोप लागायची नाही."

जेऊरहून गाडीवाटेनं

मागे येण्याच्या प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. जेऊरच्या पाटीखाली तेच कुत्रं होतं. पेरूवाल्या म्हाताऱ्यानं मला ओळखलं आणि "तवाच उतरला असता तर?" असं विचारलं. मी त्याच्याकडून आणखी दोन पेरू घेतले.

गावची बैलगाडी न्यायला आली होती. गवतावर पेटी, पेटीला टेकून बॅटरी, आणि आम्लाचा काचेचा बुधला सलीमभाईंच्या दोन गुडघ्यांत. दोन्ही बाजूंनी ज्वारी माणसाच्या वर गेलेली. माचणावर उभी राहून माणसं गोफणीनं पाखरं उडवत होती. आमच्याकडे ऊन माडांतून गाळून येतं, इथे वरून नुसतं ओतलेलं. पहिल्या दिवशी मला त्याचा वैताग आला होता. गाडीत बसल्यावर वाटलं, हे सगळं फुकट चाललंय.

गाडीवान तासभर गप्प होता. मग मान न वळवता म्हणाला, "बाई, त्या पेटीत ऊन भरून आणलंया म्हनं?"

"नाही हो. ऊन इथलंच वापरायचं."

तो विचारात पडला. "मग पुन्याहून काय आनलं?"

वाटेत एका शेतात आम्हाला हाका मारून उतरवलं. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजून हातावर चोळलेला गरम हुरडा, लसणाची चटणी, वर दही. कोण तुम्ही, कुठले, हे खाऊन झाल्यावर विचारलं. आमच्याकडे आधी विचारतात, आणि उत्तर पसंत पडलं तर चहा टाकतात.

नवं गावठाण

नकाशावर पट्टी ठेवून आखलेलं गाव मी प्रथमच पाहत होते. सरळ रस्ते, सारखी घरं. पण मधली एक अख्खी ओळ मोकळी. चौथरे घातलेले, त्यांवर गवत. मी विचारलं तर आरोग्यकेंद्राच्या नर्स सुमनताई हसल्या. "त्या ओळीची तोंडं दक्षिणेला येतात. यमाच्या दिशेला दार कोण करणार? कुणीच घेतली नाही. मग सरकारनं आरोग्यकेंद्र तिथं बांधलं."

सुमनताई चाळिशीच्या, उंच, घोगऱ्या आवाजाच्या. त्यांनी मला बाळंतपणाची खोली दाखवली. एक खाट, एक कपाट, आणि खिडकी असून नसल्यासारखी. कंदील जवळ ठेवला तर बाळंतिणीला धुराचा त्रास, लांब ठेवला तर दिसत नाही.

"मग काय करता?"

त्यांनी खिशातून छोटी विजेरी काढून दातांत धरून दाखवली. "दोन्ही हात कामात असतात ना," विजेरी काढून त्या म्हणाल्या. "पण मग बाईला 'कळ दे' म्हणून सांगायला तोंड मोकळं नसतं. नुसतं 'अं अं' करते मी. नवीन पोरी घाबरतात, त्यांना वाटतं नर्सबाईलाच कळा सुरू झाल्या."

आम्ही दोघी खूप हसलो. हसणं थांबल्यावर त्या म्हणाल्या, "मागं एकीला रक्त किती जातंय ते मला दिसलंच नाही. सकाळी दिसलं. वाचली ती. पण माझ्या हुशारीनं नाही."

त्या क्षणापर्यंत मी एक दिवा लावायला आले होते. त्यानंतर मला तो लागल्याशिवाय जाता येणार नव्हतं.

पाट्यांचा लोखंडी सांगाडा मी गच्चीवर मांडला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलून जातो, म्हणून पाटीचं तोंड दक्षिणेला आणि मान जरा मागे. तेवढ्यात खालून आवाज आला, "थांबा!"

सरपंच बापूराव होते. मोठ्या फेट्याचे, कोटाच्या खिशाला दोन पेनं लावलेले. मागे निम्मं गाव.

"बाई, सूर्य उगवतो कुटं?"

"पूर्वेला."

"मावळतो?"

"पश्चिमेला."

"मग दक्षिनेला कोन ऱ्हातो तुमचा?"

लोक हसले. मी गच्चीच्या कडेला उभी राहून पृथ्वीचा कललेला आस समजावला, हातात पेरू घेऊन. बापूरावांनी पेरूकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "संक्रांत झाली. उत्तरायन लागलं. सूर्य उत्तरंला चालला आनि तुमी त्याची वाट बघत दक्षिनेला तोंड करून बसता. त्यो मागनं निघून जाईल की!"

हे इतकं शिस्तीत मांडलं होतं की क्षणभर मलाही काळजी वाटली.

शेवटी ग्रामपंचायतीचा ठराव झाला : पाटी पूर्वेला, आणि सरळ उभी. "देवापुढचा आरसा कुनी आडवा निजवतं व्हय?" पाहुण्यानं गावाशी भांडू नये, म्हणून मी मान्य केलं. सकाळी काटा मजेत उठला. दुपारी ऊन पाटीच्या कडेवर आलं आणि काटा झोपला. बापूरावांना दाखवलं. ते डगमगले नाहीत. त्यांनी कोतवालाला बोलावलं आणि सूर्य जाईल तसा आरसा फिरवत राहण्याचं काम दिलं. कोतवालानं सांगाड्याला दोरी बांधली, खाली निंबाच्या सावलीत बसून दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळलं, आणि जेवणानंतर त्याला डोळा लागला. झोपेत त्यानं कूस बदलली तेव्हा पाटी गर्रकन वळून उत्तरेकडे पाहू लागली. सलीमभाई दिवसभर तिच्याकडे बघत बसले होते. "बाईसाब," ते म्हणाले, "आता ही फिरती. पण काम न्हाई करत."

कोंडी फोडली ती सिद्राम गुरवानं. हा मारुतीच्या देवळाची पूजा करणारा, बारीक चणीचा, बोलताना सुपारी कातरत राहणारा माणूस. संध्याकाळी पारावर चर्चा चालू असताना त्यानं नुसतं विचारलं, "आपला मारुती कुनीकडं बघतो?"

सगळ्यांच्या माना देवळाकडे वळल्या. जुन्या गावातला मारुती दक्षिणमुखी. नव्या जागी इंजिनियरनं तो रस्त्याकडे तोंड करून बसवायला घेतला, तेव्हा याच बापूरावांनी काम बंद पाडून त्याला दक्षिणेला वळवला होता. दक्षिणेकडून येणाऱ्या संकटाला अडवायला तो तिकडेच बघत उभा हवा.

"त्यो तिकडं बघतो, त्याला यम चालतो," सिद्राम म्हणाला, "तर मग ह्या काचंला काय झालं?"

बापूरावांनी दोन्ही पेनं काढून परत खिशाला लावली. "म्या कुटं नको म्हटलं?" ते म्हणाले. "म्या म्हनत हुतो, इचार करून लावा."

समई

दुसऱ्या दिवशी पाट्या दक्षिणेला बसल्या. काटा असा उठला की सलीमभाईंनी स्वतःची जागा बदलून तो दोन्ही बाजूंनी पाहिला. बॅटरी औषधांच्या कोठीत लाकडी पेटीत ठेवली. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून पेटीला वर-खाली भोकं पाडली आणि कोठीची खिडकी उघडी ठेवायला सांगितली. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज घातला. कुठे तार तारेला चिकटली तर फ्यूज आधी जळावा, कोठी नव्हे. बाळंतपणाच्या खोलीतला दिवा दिवेलागणीला लावायचा ठरला. आम्ही जेवायला गेलो.

परत आलो तर सलीमभाई कोठीच्या दारातच थबकले. त्यांचा आवाज एरवी ट्रकच्या हॉर्नसारखा. तो एकदम इतका बारीक झाला की मला आधी तो ओळखूच आला नाही.

"बाईसाब. सगळ्यास्नी बाहेर काढा. हळू."

मी डोकावले. बॅटरीच्या पेटीवर तेवती समई होती. पेटीची भोकं कुणीतरी फडक्यांचे बोळे घालून बुजवली होती. खिडकीही लावून घेतलेली. नंतर कळलं, एवढ्या लांबून आलेल्या पाहुणीला माळावरचं वारं बाधू नये, असा गावच्या बायांचा हेतू होता. पाहुणी म्हणजे बॅटरी.

वायू पेटीत आणि कोठीत कोंडला असणार. आत जाऊन तार ओढावी तर ठिणगी उडणार. मी जिन्यानं गच्चीवर धावले, कुणाची तरी वाळत घातलेली घोंगडी ओढली आणि दोन्ही पाट्यांवर टाकली. ऊन बंद, वीज बंद, वायूही बंद. खाली सलीमभाईंनी एक लांब काठी घेतली आणि बाहेरूनच खिडकीची फळी ढकलून उघडली. मग ते म्हणाले, "अब कोई समई को हात नक्को."

"फुंकर मारू?" एकीनं विचारलं.

"फुंकर?" सिद्राम गुरव दचकला. "दिवा तोंडानं इझवत्यात व्हय?"

"पानी टाकूं?" दुसरा.

"नक्को!"

"मग?"

"तेल संपेपर्यंत थांबनेका."

आणि गाव थांबलं. आरोग्यकेंद्रासमोर उन्हात साठसत्तर माणसं उभी राहून एका समईचं तेल संपण्याची वाट पाहत होती. कुणीतरी तिळगूळ वाटला. बापूरावांनी समई ठेवणाऱ्या बाईला विचारलं, "तेल किती घातलंस?" ती म्हणाली, "रातभर पुरंल एवढं." सगळ्यांनी निःश्वास टाकला. वारं खिडकीतून आत शिरून वायू बाहेर नेत होतं. बऱ्याच वेळानं सलीमभाईंनी नसलेल्या भुवईवरून हात फिरवला, "या अल्ला" म्हणाले, आत गेले आणि ती समई अशी उचलून आणली की जणू काही तान्हं मूल. दारातून बाहेर पडल्यावर त्यांनी ती सिद्रामच्या हातात दिली. त्यांना बसवलं, पाणी दिलं. समई अजून तेवत होतीच. सिद्रामनं ती पारावर नेऊन मारुतीपुढे ठेवली.

शेंदूर

त्या संध्याकाळी दिवा लागलाच नाही. घोंगडीखाली गेलेली दुपार आणि सलीमभाईंची हाय खाल्लेली अवस्था, यामुळे काम सकाळवर गेलं. सकाळी गच्चीवर गेले तर दोन्ही पाट्या शेंदरी झाल्या होत्या. तेलात कालवलेला शेंदूर, अगदी निगुतीनं, कोपऱ्यांपर्यंत. वर रुईच्या पानांची माळ. दक्षिणमुखी म्हटल्यावर दुसरं काय होणार होतं?

मला रडू आलं आणि राग आला. शेजारची एक बाई राखेची मूठ घेऊन घासायला पुढे झाली तेव्हा मी किंचाळले, कारण राखेनं काचेला ओरखडे पडले असते. साबणाचं पाणी आणि जुनं लुगडं घेऊन मी, सुमनताई आणि सलीमभाई पुसत बसलो. पुसता पुसता मी सिद्रामला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे बघा, यात देव नाही. ही माणसानं केलेली काच आहे."

सिद्राम जिन्यात बसून सुपारी कातरत होता. त्याला वाईट वाटलेलं दिसलं नाही.

"त्ये आमाला ठावं हाय, बाई. पेटी आमच्याच गाडीतनं आली न्हवं?" त्यानं सुपारी तोंडात टाकली. "पर तुमी परवा जानार. मागं रोज सकाळी हितं चढून ही काच पुसायची कुनी? सरकारची हाय म्हटलं तर कुनी बघनार न्हाय. देवाची म्हटलं तर पाळी लावून पुसतील."

मी हातातलं लुगडं पिळलं. प्रयोगशाळेत आम्ही याच प्रश्नावर तीन बैठका घेतल्या होत्या.

"पण शेंदूर नको," मी म्हणाले. "तेल नको, हळद नको, फूल ठेवायचं नाही. बॅटरीच्या कोठीत दिवा, उदबत्ती, बिडी, काही नाही. नुसतं पाणी, तेही उन्हं तापायच्या आधी."

"म्हंजे सोवळ्याचा हाय," सिद्राम म्हणाला आणि त्याच दिवशी दवंडी दिली की दक्षिणमुखी आरशाला फक्त पाण्याचा अभिषेक चालतो, आणि जो दुसऱ्याला उजेड देतो त्याच्यापुढं दिवा लावला तर त्याचा अपमान होतो. पुण्याला परतल्यावर मी अहवालात लिहिलं, 'दैनंदिन स्वच्छतेची व्यवस्था समाधानकारक आहे.' यापेक्षा जास्त लिहायचं मला धाडस झालं नाही.

दिवा

दिवसभर ऊन कडक पडलं. दिवेलागणीच्या सुमाराला गाव जमू लागलं. बापूरावांनी नवा कोट घातला होता. बटण कोण दाबणार यावर थोडी बोलाचाली झाली, आणि तेवढ्यात रस्त्यावरून बैलगाड्यांचा तांडा आला. ऊसतोडीची माणसं होती, श्रीपूरच्या कारखान्याकडे निघालेली. एक गाडी ओळ सोडून थेट आरोग्यकेंद्रासमोर येऊन उभी राहिली. तीत एक बाई दात आवळून बसली होती.

सुमनताईंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि बटण स्वतःच दाबलं. बापूरावांचा हात हवेतच राहिला.

हातभर लांबीची नळी दोनदा मिचकावली आणि पांढरी पेटली. बाहेरच्या गर्दीतून 'हां' असा एकच आवाज आला. सुमनताईंनी आतून दार लावून घेतलं. पण त्या असून नसल्यासारख्या खिडकीतून उजेडाची पट्टी अंगणात पडली होती आणि गाव त्या पट्टीभोवती उभं राहिलं. कुणी हात घालून पाहत होतं, कुणी चिंचोका त्यात ठेवून त्याची सावली पाहत होतं. आतून त्या बाईचा आवाज आला, "एवढा उजेड! दिवा बारीक करा की. मानसाला लाज वाटती!"

"बारीक होत नाही," मी दाराबाहेरून ओरडले. याचा विचार आम्ही केलाच नव्हता. सुमनताईंनी एक लुगडं तिच्या तोंडासमोर आडवं बांधलं, म्हणजे तिला उजेड दिसू नये आणि सुमनताईंना ती दिसावी.

मग सुमनताईंचा आवाज लागला. गावात आजवर तो असा कुणी ऐकला नसावा. "दे कळ! आता! थांब, थांब, श्वास घे! आता दे!" अंगणातल्या दोन-तीन बायका नकळत श्वास धरून बसल्या होत्या. सलीमभाई कोठीच्या दाराशी काटा बघत उभे, आणि दर थोड्या वेळानं दबक्या आवाजात मला कळवत, "है, अभी है. भरपूर है." ते काट्याबद्दल म्हणत होते की बाईबद्दल, कुणास ठाऊक.

मधेच सुमनताई एकदम गप्प झाल्या. मी दार किलकिलं केलं. नाळ बाळाच्या मानेला गुंडाळलेली होती. दोन वेढे, निळसर. त्या वाकून, दोन्ही हातांनी, घाई न करता ते सोडवत होत्या. मला स्पष्ट दिसत होतं. त्यांना स्पष्ट दिसत होतं. मी दार लावलं आणि भिंतीला टेकले. 

मग ते रडलं. घोगरं, चिडकं, थेट सुमनताईंच्या आवाजात. सलीमभाई काटा सोडून खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसू लागले.

मला आत बोलावलं. सुमनताईंनी आडवं लुगडं सोडलं आणि तसंच, न धुतलेलं बाळ आईपुढे धरलं. हिची आधीची दोन बाळंतपणं पालावर, अंधारात झाली होती. त्या मुलांची तोंडं तिनं दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर, अंघोळ घातलेली अशी पाहिली होती. ती कोपरावर रेलून उठली. पांढऱ्या उजेडात ते लालनिळं, चिकट, सुरकुतलेलं, डोकं लांबट झालेलं पोर तिनं बराच वेळ न्याहाळलं. तिचा चेहरा पडला.

"ह्यो असाच ऱ्हानार व्हय?"

"नाही गं. सगळे असेच येतात," सुमनताई म्हणाल्या.

"सगळे?"

"सगळे. तू पण. मी पण. ह्या पुण्याच्या बाई पण."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पोराकडे. एक बोट पुढे करून त्याच्या कपाळावरची सुरकुती तिनं हलकेच सरळ करून पाहिली. ती परत पडली. तिला हसू फुटलं. पोर उजेडाकडे तोंड वासून डोळे गच्च मिटून ओरडत होतं.

"त्याच्या डोळ्यावर येतंया," ती म्हणाली. "बगून झालं माझं. आता इझवा की तो."

सुमनताईंनी रक्त थांबल्याची नीट खात्री करून घेतली, कंदील पेटवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी बटण बंद केलं.